बरं, आणि?

सिंगापूरच्या टॅम्पिनीस भागातल्या त्या फ्लॅटमध्ये मी खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकीणबाईंनी मला पगार विचारला नाही, नोकरीच्या परवान्याची, म्हणजे पासची, प्रत मागितली नाही, स्वयंपाक करणार का तेही विचारलं नाही. दार अर्धवट उघडून त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "शेवटचा ताप कधी आला होता?"

मी म्हटलं, "आठवत नाही. कॉलेजात असताना असेल."

"कशानं?"

"व्हायरल होता."

"कोण म्हणालं?"

"आमचे डॉक्टर."

"बरं. आणि?"

या 'आणि'चं काय करायचं ते मला कळेना. "आणि बरी झाले," मी म्हटलं. त्यांनी "हं" केलं आणि दार पूर्ण उघडलं. त्या उत्तरानं त्यांचं समाधान झालेलं नव्हतं, हे मला आत शिरताना कळत होतं. पण बुओना व्हिस्टाला लॅबमध्ये जायला एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, सोयीची होती, खोलीला खिडकी चांगली होती, आणि आधीच्या जागेत मी फार वैतागले होते. मी राहिले ती त्यांच्याकडं काही वर्षं राहिले.

त्यांना सगळे 'डॉक्टर' म्हणत. पहिल्या आठवड्यात मी चुकून मावशी म्हटलं, तर म्हणाल्या, "मी तुझ्या आईची बहीण नाही. उगाच नाती लावली की माणसं आजार लपवतात." त्या मूळच्या मिरजेकडच्या. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्या. नवरा-बायको इथं नोकरीला आले, नवरा वारला, मुलगा ऑस्ट्रेलियात गेला, आणि त्या स्वतः इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त, थुंकी आणि बाकीचं सगळं सूक्ष्मदर्शकाखाली बघत निवृत्त झाल्या. बुटक्या, काटक. घरातसुद्धा पायात बूट. मनगटावर पुरुषी घड्याळ. शिंप्याकडून प्रत्येक कुडत्याला दोन्ही बाजूंनी खिसे शिवून घ्यायच्या आणि दोन्ही खिशांत एकेक थर्मामीटर ठेवायच्या. एकानं दाखवलेला ताप त्या मान्यच करत नसत.

त्यांचा सगळा स्वभाव त्या एका 'आणि'त होता. नळ गळतो म्हणून प्लंबर आला, त्यानं गळती शोधून बंद केली, हात पुसले, तर या म्हणाल्या, "बरं. आणि?" तो बिचारा पुन्हा ओट्याखाली शिरला. किल्ली हरवली म्हणून पर्स उपसायला लागल्या की किल्ली सापडल्यावरही उपसणं चालूच राहायचं. मी म्हटलं, "डॉक्टर, सापडली ना?" तर म्हणाल्या, "किल्ली हरवली हे आपल्याला कळलं. जे हरवल्याचं कळलेलं नाही, ते कोण शोधणार?"

आणि त्यांचा खरा जीव होता तो परगावाहून परत येणाऱ्या माणसांवर. आमच्या मजल्यावर कोणीही बॅग ओढत आलं की चाकांचा आवाज ऐकून त्या दारात उभ्या राहायच्या. शेजारची मलाय बाई नातेवाइकांकडं इंडोनेशियाला जाऊन आली, की तिची दारातच चौकशी व्हायची, तीही मलायमध्ये. पलीकडच्या चिनी काकांनी तर त्यांना चुकवण्यासाठी लिफ्टनं एक मजला वर जाऊन जिन्यानं खाली यायला सुरुवात केली होती. मी पुण्याहून परत आले की बॅग उंबऱ्याबाहेर आणि मी बाहेर. "प्रवास कसा झाला?" हा प्रश्न नाहीच. "पाण्यात उतरलीस? कुठल्या? अनवाणी चाललीस? उसाचा रस प्यालीस? घरात उंदीर आहेत? कुत्रं चाटलं का? चाटलं तिथं खरचटलेलं होतं का?" मी पॉलिमरवर काम करते. माझा आणि जंतूंचा संबंध फ्रिजमधल्या दह्यापुरता. पण त्यांची उत्तरं देता देता मला माझ्याच सुट्टीची नव्यानं ओळख व्हायची.

"माणूस प्रवासाला एकटा गेला म्हणून एकटाच परत येतो असं नाही," त्या म्हणायच्या. "आणि बरोबर आलाय तो एकच आहे असंही नाही. ज्या डबक्यावर डास असतात तिथंच उंदीर मुततात. त्याच डबक्याच्या काठाला गवत असतं. त्याच गावात पाणी उकळत नाहीत. तिकीट एकाचं, प्रवासी तीन. डॉक्टर पहिल्याला पकडतो, खूश होतो आणि खुर्चीत बसतो. बाकीचे दोघं आत बसून हसतात."

हे ऐकायला मजेदार होतं, पण ज्याच्या अंगात ताप असेल त्याला नव्हतं. मराठी मंडळाच्या गणपतीत एकदा कोकणातून नुकतेच आलेले एक गृहस्थ मोदकाचं ताट घेऊन उभे होते. डॉक्टर त्यांच्या शेजारी गेल्या आणि नेहमीच्या आवाजात, म्हणजे हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "डोळे पिवळे दिसतायत. लघवीचा रंग कसा आहे?" गृहस्थांनी ताट ठेवून दिलं. त्यांची बायको वर्षभर डॉक्टरांशी बोलली नाही. डोळे बहुतेक त्या पिवळ्या दिव्यांमुळंच तसे दिसत होते.

त्याहून वाईट झालं ते सेंगकांगच्या एका जोडप्याचं. नवरा केरळला फिरून आला होता आणि त्याला ताप होता. डॉक्टरांनी फोनवर बायकोला इतके आजार सांगितले, एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, की ती पोरगी तान्ह्या बाळाला घेऊन, रडत, नवऱ्याला इमर्जन्सीत घेऊन गेली. सगळ्या तपासण्या झाल्या. निघालं ते साधं सर्दी-पडसं. नवऱ्यानं तो किस्सा मंडळात नक्कल करून सांगितला. 'बरं, आणि?' हे शब्द काही दिवस सगळ्यांच्या तोंडी झाले. कोणी शिंकलं तरी बाकीचे म्हणायचे, "बरं, आणि?"

डॉक्टरांना हे कळलं होतं. त्यांनी मला विचारलं, "हसतात ना?" मी म्हटलं, "हो." त्या म्हणाल्या, "हसू देत. सर्दी निघाली हे चांगलंच झालं. पण आता ते मला खोटं सांगतील, ते वाईट."

आणि झालंही तसंच. लोक त्यांना टाळायला लागले, आणि टाळता आलं नाही तर सरळ थाप मारायला लागले. कोण कुठं गेलं विचारलं की सगळे म्हणायचे, "छे, इथंच होतो."

त्या अशा का, याबद्दल मंडळात एक गोष्ट प्रचलित होती. तरुणपणी त्यांच्या हातून एक निदान हुकलं, एक लहान मूल गेलं, तेव्हापासून त्या अशा झाल्या, असं लोक सांगायचे. मलाही ते पटलं होतं. एकदा भांडी पुसताना मी धीर करून विचारलं. त्या थांबल्या, विचार केला आणि म्हणाल्या, "नाही गं. कुणी मेलं नाही. निदान माझ्यामुळं मेलेलं मला माहीत नाही. मला थांबायचं कुठं ते कळत नाही, बास. लहानपणापासून. माझी आई मला निवडायला तांदूळ द्यायची नाही, दुपार जायची."

फ्लॅटमधली दुसरी खोली ऋजुताकडं होती. नागपूरची, एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला, हसरी, आणि डॉक्टरांच्या बाबतीत माझ्याइतकी सहनशील अजिबात नाही. "ही बाई माझी आई नाही, माझी बॉस नाही, कस्टम्सवाली तर नाहीच नाही," असं ती मला खोलीचं दार लावून सांगायची. त्या ऑक्टोबरात ती सुट्टी काढून घरी गेली. परत आली तेव्हा मी तिथंच होते. डॉक्टर दारात उभ्याच होत्या.

"कुठं कुठं गेलीस?"

"नागपूर. घरीच होते."

"घराबाहेर?"

"मॉल. थिएटर. मॉल." ऋजुतानं बॅग उचलून त्यांच्या बाजूनं आत नेली. बूट बाहेरच्या रॅकवर फेकले. डॉक्टर बाजूला झाल्या. पुढं काही विचारलं नाही, याचं मला त्या वेळी नवल वाटलं.

आठवड्याभरानं ऋजुताला ताप भरला. डोकं फुटेल असं दुखतंय म्हणाली. खालच्या ब्लॉकमधल्या क्लिनिकमध्ये मी तिला घेऊन गेले. तिथं रक्त तपासलं, डेंग्यू निघाला. सिंगापुरात डेंग्यू म्हटल्यावर कोणी दचकत नाही. पाणी प्या, विश्रांती घ्या, रोज रक्त तपासा. प्लेटलेट उतरायला लागल्या तसं तिला हॉस्पिटलमध्ये दाखल केलं. मला खरं तर हायसं वाटलं होतं. नाव कळलं होतं. मी घरी येऊन डॉक्टरांना सांगितलं, "डेंग्यू आहे."

"बरं. आणि?"

मी त्या दिवशी पहिल्यांदा चिडले. "आणि काय, डॉक्टर? टेस्ट पॉझिटिव्ह आहे. डेंग्यूच आहे."

"मी कुठं नाही म्हणते? डेंग्यू आहेच. मी विचारलं, आणि?"

हे मी हॉस्पिटलमध्ये ऋजुताला सांगायला नको होतं, पण बोलता बोलता सांगितलं. ती उशीवरून मान न उचलता म्हणाली, "प्लीज, त्यांना इथे येऊ देऊ नकोस. प्लीज." मी तसा निरोप डॉक्टरांना दिला. त्यांनी मान हलवली. आल्याही नाहीत.

डेंग्यूचा ताप ज्या सुमाराला उतरायला हवा होता, त्या सुमाराला उतरला नाही. प्लेटलेट थोड्या सावरल्या, पण ताप तसाच. मग कोरडा खोकला सुरू झाला. मग धाप. नाकाला ऑक्सिजनची नळी लागली. मी बोललेलं तिला नीट ऐकू येईनासं झालं, आणि एकदा तिनं मला मधेच तिच्या मावसबहिणीच्या नावानं हाक मारली. मलेरिया बघितला होता, तो नव्हता. डेंग्यूच जास्त गंभीर झालाय, असं तिथला एक डॉक्टर म्हणाला. वरून न्यूमोनिया असेल, असं दुसरा म्हणाला आणि त्यानं अँटिबायोटिक चालू केलं. त्यानं फरक पडला नाही. तिची आई रोज फोनवर विचारायची, "अजून ताप उतरून नाही राहिला का गं?" त्यांचा व्हिसा यायचा होता. मी काहीतरी बरं बोलून फोन ठेवायची आणि कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभी राहायची. आपल्यापेक्षा वयानं लहान मुलगी अशी झपाट्यानं खचताना मी पहिल्यांदाच बघत होते.

त्या दिवशी मी कपडे न्यायला घरी आले, तर डॉक्टर बाहेर चपलांच्या रॅकसमोर जमिनीवर बसल्या होत्या. हातात ऋजुताचे कॅनव्हासचे बूट.

"ये, बघ," त्या म्हणाल्या.

बुटांच्या नाड्यांत आणि कापडात कुसळं अडकली होती. वाळलेली, बारीक, खूप.

"नागपूरच्या मॉलमध्ये कुसळं कुठून आली?" त्यांनी विचारलं.

मी तिथूनच तिच्या आईला फोन लावला. "काकू, ऋजुता तिकडं शेतावर वगैरे गेली होती का?"

"शेत? आपल्याकडे कुठलं आलं बाई शेत! घरीच तर होती. मधात ऑफिसच्या कामासाठी पुण्याला जाऊन आली, तेवढंच."

मी फोन ठेवला. ऋजुताची सगळी सुट्टी मंजूर झालेली मी पाहिली होती, आणि तिच्या कंपनीचं पुण्यात ऑफिसच नव्हतं. मी हे डॉक्टरांना सांगितलं आणि लगेच म्हटलं, "तिची काहीतरी खासगी गोष्ट असेल."

"असेल," त्या उठत म्हणाल्या. "तापाला खासगी कळत नाही. चल."

"तिनं तुम्हाला येऊ नका म्हटलंय."

"तेव्हा ती बरी होती."

हॉस्पिटलमध्ये मी आधी आत गेले. ऋजुता जागी होती, डोळे तारवटलेले, ओठ सुकलेले. डॉक्टर आल्यात हे मी तिच्या कानाशी मोठ्यानं सांगितलं. तिनं डोळे मिटले. डॉक्टर पलंगापर्यंत आल्या नाहीत, पायथ्याशी उभ्या राहिल्या आणि तिला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात बोलल्या. इतका मऊ आवाज मी त्यांच्याकडून कधी ऐकला नव्हता.

"मला गावाचं नाव नको. बरोबर कोण होतं ते नको. घरी काय सांगितलंस, त्याच्याशी माझा काही संबंध नाही. मी कुणालाही सांगणार नाही, ही पण इथून बाहेर जाईल. मला एवढंच सांग, गवत होतं का?"

मी बाहेर जायला वळले, तर ऋजुतानं माझं मनगट धरलं. मग तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तिनं मान हलवली.

"बसलीस गवतात?"

"बांधावर," ती नळीआडून म्हणाली. "धानाच्या."

"आडवी झालीस?"

मान हलली.

"पाण्यात पाय?"

"नाल्यात."

"छान. खूप छान सांगितलंस. आता शेवटचं. अंगावर कुठं काळी खपली आहे? दुखत नसेल. कपडा घट्ट बसतो तिथं बघ. कंबरेला, काखेत, छातीखाली."

ऋजुतानं माझ्याकडं बघितलं आणि हात हळूहळू छातीखाली नेला. "पट्टी घासली म्हणून... मी क्रीम लावत होते."

डॉक्टर वळल्या आणि ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरला, रजिस्ट्रारला, शोधायला गेल्या. ती एक तरुण चिनी मुलगी होती, केस क्लिपनं वर अडकवलेले, चेहऱ्यावर सलग ड्यूटीचा शीण. "आँटी, व्हिजिटिंग अवर अजून सुरू नाही झाला, लाह," ती इथल्या इंग्रजीच्या ढंगात म्हणाली. डॉक्टरांनी आपण कोण, कुठं काम केलं, काही सांगितलं नाही. इंग्रजीत एवढंच म्हणाल्या, "पेशंट शहरात नव्हती. भातशेतीत गवतावर झोपली होती, ओढ्यात पाय सोडून बसली होती. छातीखाली खपली आहे. तुम्ही बघता का?"

रजिस्ट्रारनं एक क्षण त्यांच्याकडं टक लावून बघितलं आणि मग ती जवळजवळ पळतच आली. नर्सनं पडदा ओढला. आम्ही बाहेर थांबलो. मी डॉक्टरांकडं बघितलं, तर त्यांनी दोन्ही हात खिशांत घातले होते आणि ओठ हलत होते.

पडदा उघडला तेव्हा रजिस्ट्रारचा चेहरा बदललेला होता. खपली होती. सिगारेटचा चटका बसावा तशी, काळी, भोवती लालसर कडा. स्क्रब टायफस, ती म्हणाली. गवतातल्या किड्याची अगदी बारीक अळी चावते, डोळ्याला दिसतही नाही, आणि तिच्यातून हा ताप येतो. डेंग्यू खराच होता. पण त्याच्या आडोशाला हा दुसरा वाढत होता, आणि डेंग्यू सापडला म्हणून याला कोणी शोधलं नव्हतं. चालू होतं ते अँटिबायोटिक यावर चालत नाही. "मीही पुस्तकातच बघितली होती ही खपली," ती म्हणाली आणि लगेच डॉक्सीसायक्लिन लिहायला घेतलं.

"लेप्टोची टेस्टपण पाठवा," डॉक्टर म्हणाल्या. "नाला होता, त्यात उंदीर मुततात. तसं औषध दोघांनाही चालतं, पण पाठवा."

"पाठवते, आँटी."

लेप्टोची टेस्ट निगेटिव्ह आली. डॉक्टरांना त्याचं किंचित वाईट वाटलं असावं, असं मला तेव्हा वाटलं होतं. ऋजुताचा ताप मात्र दोन दिवसांच्या आत उतरला. तिसऱ्या दिवशी मी गेले, तर ती उशीला टेकून बसली होती आणि नर्सकडं कॉफी मागत होती. कानांत अजून घूं होत होतं, म्हणून ती सगळ्यांशी ओरडून बोलत होती.

तिची आई आली तोवर ती फ्लॅटवर परतली होती. काकू तिच्याच खोलीत राहिल्या. पहिल्या दिवशी त्या डॉक्टरांच्या पाया पडायला वाकल्या, तर डॉक्टर चक्क मागं सरकून फ्रिजवर आदळल्या. मग दोघींचं बरं जमलं. काकूंना गुडघ्याचं दुखणं होतं, पित्ताचं होतं, झोपेचं होतं, आणि डॉक्टरांसारखी ऐकणारी त्यांना नागपुरात कधी मिळाली नव्हती.

एका दुपारी काकू डायनिंग टेबलाशी मेथी निवडत होत्या. डॉक्टर समोर लसूण सोलत होत्या, मी लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात. ऋजुता आत झोपलेली. काकू मान वर न करता म्हणाल्या, "डॉक्टर, एक विचारू? ही नक्की कुठे गेली होती हो?"

डॉक्टर लसूण सोलत राहिल्या.

"आम्हाला पुणे सांगितलं. पुण्यात ऑफिसात गवत कुठून आलं? मी काही इतकी खुळी नाही. तुम्हाला सांगितलंच असेल तिनं."

"नाही."

"पण तुम्ही विचारलं असेल नं? तुम्ही तर मला माझ्या सासूच्या कुत्र्याचंही विचारलं."

"गवत होतं का, ते विचारलं. होतं म्हणाली. कुठलं ते विचारलं नाही."

"अहो, का?"

"त्यानं औषध बदलणार नव्हतं."

काकूंचे हात थांबले. तेवढ्यात खोलीचं दार वाजलं. ऋजुता दारात उभी होती. ती झोपलेली नव्हती. किती वेळ ऐकत होती कोण जाणे. ती येऊन आईच्या शेजारच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "आई, मी पुण्याला नव्हते गेले."

डॉक्टर उठल्या, हात धुतले आणि दारामागची पिशवी काढली. "पालक आणायचाय," त्या मला म्हणाल्या. टेबलावर मेथीचा ढीग पडला होता. मी लॅपटॉप मिटला आणि त्यांच्या मागून निघाले.

दुकानाकडं आम्ही गेलोच नाही. आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत सिमेंटचा बाक आहे, तिथं बसलो. पलीकडं दोन म्हातारे पटावर काहीतरी खेळत होते. डॉक्टरांनी रिकामी पिशवी मांडीवर पसरली. मग म्हणाल्या, "नर्सनं पडदा ओढला ना, तेव्हा मी काय म्हणत होते माहीत आहे? असू दे, असू दे. पोरगी आत धापा टाकतीय, आणि मी म्हणतीय, तिथं खपली असू दे."

"होता म्हणून तर वाचली."

"ते नंतरचं. त्या क्षणाला ती वाचावी हे नव्हतं माझ्या मनात, मला बरोबर ठरायचं होतं." त्यांनी पिशवीची घडी घातली, उघडली, परत घातली. "माझा मुलगा लहान होता, त्याला ताप आला की मी अशीच बघायचे. मोठा झाल्यावर एकदा म्हणाला, आई, तू मला बघत नाहीस, माझ्यात काय आहे ते बघतेस. आता तो आजारी पडला तर मला सांगत नाही. बरा झाल्यावर सून सांगते."

मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि बाकावर ठेवली.

उन्हं कलली तेव्हा लिफ्टमधून काकू बाहेर आल्या. डोळे सुजलेले, पदर खोचलेला. आम्हाला शोधत आल्या होत्या. डॉक्टर बाकावर सरकल्या, काकू मधे बसल्या. कितीतरी वेळ त्या समोरच्या म्हाताऱ्यांचा खेळ बघत होत्या.

"मुलगा आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "चंद्रपूरकडचा. आपल्यातला नाही. इंजिनियर होता, नोकरी सोडून शेती करून राहिला. धानाची. ही त्याच्या आई-बापाकडे राहून आली. ते तिला ओळखतात आणि मी..." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "मी तिला चांगलं बोलले नाही आत्ता. खूप बोलले."

"ऐकू आलं असेल का तिला?" डॉक्टरांनी विचारलं. "अजून कान पूर्ण सुधारले नाहीत तिचे."

काकू रडता रडता एकदम हसल्या.

डॉक्टर म्हणाल्या, "तुम्ही जाल तिकडं, तेव्हा सतरंजी न्या. गवतावर तशाच बसू नका."

"मी कशाला जाते तिथे!" काकू फटकन म्हणाल्या.

म्हाताऱ्यांचा एक डाव संपला, त्यांनी सोंगट्या पुन्हा मांडायला घेतल्या. काकूंनी ते सगळं मांडून होईपर्यंत बघितलं.

"किती मोठी न्यायची?" त्यांनी विचारलं.